कांद्याच्या चाळीतली पिल्लं आणि निफाडची थंडी: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

निफाड तालुक्यातल्या एका मळ्यातली ही वस्ती. गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. घरात सासूबाई, दोन भाऊ, थोरल्याची बायको आणि दोन शाळकरी मुलं. थोडी द्राक्षबाग, बाकी कांदा आणि गहू. परसात आठ-दहा गावठी कोंबड्या कायमच्याच. कोंबड्यांचा कारभार थोरल्या सुनेकडे. त्यांना पुढे ताई म्हणतो. मी या भागात पशुवैद्यकाचं काम करतो आणि हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा अर्धं बिघडलेलं होतं.

ताईंनी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाची 200 पिल्लं आणली. गिरीराजासारखी रंगीत, अंडी आणि मांस दोन्हीला चालणारी जात. पैसे बचत गटाच्या कर्जाचे. ऐन थंडीत पिल्लं का आणली, हे मीही विचारलं. हिशेब पक्का होता. चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रंगीत कोंबड्याला गिऱ्हाईक दारात येतं. श्रावण लागला की तेच गिऱ्हाईक ओळख दाखवत नाही. जत्रेला कोंबडा साडेतीन-चार महिन्यांचा हवा. मागे मोजत गेलं की डिसेंबरच येतो.

शिवाय जागा फुकट होती. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला जातो, दिवाळीच्या आगेमागे शेवटचा माल बाजार समितीत जातो, आणि मग चाळ पुढचा कांदा येईपर्यंत रिकामी. पत्रा वर, कुंपण भोवती, मुंगूस-मांजराची भीती कमी. धाकट्या दिरांना ती तयार शेडच वाटली.

निफाडची थंडी महाराष्ट्राला वर्तमानपत्रातून ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा 5 अंशांखाली गेला की बातमी होते, आणि ती होतच असते. त्या रात्री द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सुरू करतात, कारण फुगवणीतला मणी तडकला तर वर्ष गेलं. या घरातही पुरुषमाणसं त्या आठवड्यात रात्री बागेत होती. पिल्लांपाशी कुणी झोपायला नव्हतं, हे पुढचं समजायला उपयोगी पडेल.

जागा कशी होती

चाळ म्हणजे हवा खेळवण्याचं यंत्र. कांदा सडू नये म्हणून तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, त्यावर बांबू किंवा लाकडी पट्ट्या फटी ठेवून ठोकलेल्या, बाजूच्या भिंतीही फटींच्याच. खालून हवा शिरते, कांद्यातून वर चढते, पाख्याशी बाहेर पडते. चार-पाच फूट कांद्याचा थर त्या हवेला अडवायला असतो. इथे त्या जागी चाळीस ग्रॅमचं पिल्लू होतं.

दिरांनी चाळीचा एक कोपरा ताडपत्रीने आडवा करून घेतला होता. पट्ट्यांवर जुनी पोती, पोत्यांवर दोन-तीन इंच भाताचं तूस, त्यावर वर्तमानपत्र. भोवती पत्र्याचा चिक गार्ड (पिल्लं आत राहावीत म्हणूनचं बुटकं कुंपण), तोही नीट गोल, कोपरा न ठेवता. खाद्याची, पाण्याची भांडी पुरेशी. पिल्लं आली त्या संध्याकाळी ताईंनी प्रत्येक भांड्यात कोमट गुळपाणी ठेवलं होतं, चोच बुडवून पाजलंही होतं. म्हणजे माहिती घेऊन केलेलं काम होतं. बाजूच्या ताडपत्र्या वरून खाली सोडलेल्या होत्या आणि तळाशी वीतभर उघड्या होत्या, "हवा राहावी म्हणून". चाळीच्या पट्ट्यांखालून येणारा वारा मात्र कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

अडचण

दुसऱ्या रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी ताई चाळीत गेल्या तेव्हा तीसेक पिल्लं एका ढिगात मेलेली होती, ढिगाच्या कडेची पंधरा-वीस मान टाकून होती. पिल्लं पुरवणाऱ्याला फोन केला, त्याने 'रोग असेल, औषध पाण्यातून द्या' म्हणून एका प्रतिजैविकाचं नाव सांगितलं. मग मला फोन आला.

दुपारी पोचलो. पाच-सहा मेलेली पिल्लं उघडून पाहिली. बलकाची पिशवी बहुतेकांत न जिरलेली, खाद्याची थैली रिकामी किंवा नुसतं पाणी. आतड्यात रोगाची खूण नाही. ढिगातली खालची पिल्लं चपटी झालेली, म्हणजे गुदमरून गेलेली; वरची गारठून. जिवंत पिल्लांचे पाय मी गालाला लावून पाहिले. हा जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे: पाय गार लागले तर पिल्लाचं अंग थंड पडलंय. उन्हात दोन तास काढूनही बऱ्याच जणांचे पाय गार होते. काहींच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली होती, तेही गारठ्याचंच लक्षण.

ताईंना मी विचारलं, पहिल्या रात्री आवाज कसा होता? "रात्रभर चिवचिवाट. सासूबाई म्हणाल्या, नवी जागा आहे, आईवाचून ओरडतात." दुसऱ्या रात्री? "पहाटे मी उठले तेव्हा गप होती. मला वाटलं, रुळली." ऊब बरोबर असली की पिल्लं गोलभर पसरून बसतात आणि बारीक, समाधानी आवाज करतात. मोठ्याने, सलग ओरडणारी पिल्लं थंडीने ओरडत असतात. आणि ओरडणारी अचानक गप झाली तर ताबडतोब बॅटरी घेऊन जायचं.

मग बल्बांकडे पाहिलं. सात बल्ब, गोलावर टांगलेले, उजेड लख्ख. दिरांनी पुस्तकी नियम पाळला होता: थंडीत पिल्लामागे 2 वॅट, म्हणजे 200 पिल्लांना 400. बल्बच्या खोक्यावर '60 वॅटच्या बरोबरीचा' असं छापलेलं होतं. सात गुणिले साठ, 420. हिशेब जुळला. पण ती बरोबरी उजेडाची. एलईडी बल्ब प्रत्यक्षात 9 वॅट ओढत होता. सातही मिळून 63. पिल्लांना लागणाऱ्या उबेचा सहावा हिस्सासुद्धा नाही. पिल्लामागे दोन वॅटचा नियम तारेच्या बल्बच्या काळातला आहे, जेव्हा उजेड मागितला की ऊब आपसूक मिळायची. तारेचे बल्ब दुकानातून हळूहळू गेले, नियम मात्र तोंडोतोंडी तसाच राहिला. दिरांना दोष देण्यात अर्थ नाही.

त्यात विजेची पाळी. चाळीतली वायर पंपाच्या पेटीतून ओढलेली, म्हणजे शेतीच्या फीडरवर, पाळीनेच वीज मिळणाऱ्या वेगळ्या वाहिनीवर. त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती आणि पहाटे चारच्या सुमारास संपायची. थंडी सर्वांत जास्त असते ती पहाटे चारपासून सूर्य वर येईपर्यंत. उजेड गेला, पिल्लं अंधाराने बावचळली आणि एकमेकांवर चढली.

कोणते पर्याय समोर होते

डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आमच्या हातात चारेक तास होते. ओसरीवर बसून बोलणं झालं, आणि घरातल्या प्रत्येकाचा एक पर्याय होता.

सासूबाईंचा पर्याय शेगडीचा. "आमच्या सासूबाई डालग्यात पिल्लं ठेवायच्या आणि शेजारी कोळशाची शेगडी. एक मरायचं नाही." त्यांचं खरं होतं. पण ते डालगं कुडाच्या घरात, कौलाखाली होतं, धूर आणि वायू निघून जायला शंभर फटी होत्या, आणि पिल्लं दहा-पंधरा. ताडपत्रीने बंद केलेल्या कोपऱ्यात किंवा खिडकी लावलेल्या खोलीत कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. पिल्लांइतकाच तो त्यांच्यापाशी निजणाऱ्या माणसालाही मारतो. एवढ्या एका पर्यायाला मी सरळ नाही म्हटलं. बाकीच्यांवर चर्चा झाली.

दिरांचा पर्याय चाळच तापवण्याचा: मोठे बल्ब, दुहेरी ताडपत्री, घरातून वेगळी वायर. घराची सिंगल फेज लाइन शेतीच्या फीडरवर नव्हती, म्हणून वीज मिळाली असती. पण चाळ घरापासून बरीच लांब, हातात होती ती वायर बारीक, आणि संध्याकाळी तिथला दाब आधीच पडलेला असतो. 230 व्होल्टऐवजी 180 मिळाले तर 100 वॅटचा तारेचा बल्ब जेमतेम 65-70 वॅटचं काम करतो. शिवाय तळातून येणारा वारा तसाच. फटीच्या तळावर आपण जेवढी ऊब ओतू तेवढी खालून शिरणारा वारा घेऊन जाणार होता.

ताईंचे यजमान म्हणाले, पिल्लं गावातल्या एका पोल्ट्रीवाल्याच्या शेडवर चार आठवडे ठेवू, भाडं देऊ. त्याच्याकडे गॅसचा ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारं साधन होतं. पण त्याच्या शेडमध्ये तेव्हा मोठ्या वयाची ब्रॉयलरची बॅच होती. गारठून कमकुवत झालेली पिल्लं तिथे नेणं म्हणजे राणीखेत नाहीतर कॉक्सी (रक्ती हगवणीचा रोग) विकत आणणं. त्या शेडवाल्यानेही बाहेरची पिल्लं आत घेतली नसती, आणि ते त्याचं बरोबरच.

उरला पर्याय घरातली खोली. धान्याची, दहा बाय बाराची, सिमेंटची जमीन, एक दार, एक खिडकी, वर झरोका. याला विरोध ताईंचाच होता. तूस, पिसांचा भुगा, वास, आणि शेजारच्या खोलीत निजणारी मुलं. सासूबाईंना बर्ड फ्लूची आठवण होती. 2006 साली नवापूरला कोंबड्या पुरल्या गेल्या, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. ही भीती मला उगाच वाटली नाही. पक्षी माणसाच्या निजायच्या जागेपासून दूरच असावेत. पण चार आठवड्यांसाठी, दार वेगळं असलेल्या खोलीत, वेगळ्या चपला आणि साबणाने हात धुणं एवढं पाळून हे करता येण्यासारखं होतं. खोलीला बाहेरून दार होतं, हे निर्णायक ठरलं.

पहिला निर्णय: जागा लहान करायची

साडेचारला ठरलं, खोलीच. जागेचा हिशेबही बसत होता. तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लामागे अर्धा चौरस फूट लागतो. खोली 120 चौरस फूट, उरलेली पिल्लं 170च्या आत. पण पहिल्या रात्री पूर्ण खोली द्यायची नाही असं ठरवलं. एका बाजूला साताठ फुटांचा गोल, त्यावर जमिनीपासून दीड-दोन फुटांवर जुन्या कणगीच्या पत्र्याचं छत, छतावर गोणपाट. ऊब वर चढते, पत्र्याला अडते, खाली परतते. खोलीत रात्री 14-15 अंश असले तरी छताखाली पहिल्या आठवड्याचे 33 ते 35 अंश राखता येतात. आणि पिल्लाला गरम झालं तर त्याला छताबाहेर निघून जाता यायला हवं. सगळी खोली तापवली तर ही निवड पिल्लाच्या हातातून जाते. म्हणून मला छताची पद्धत पटते, खर्च कमी हा त्यातला दुय्यम फायदा.

तापमापी दिरांनी भिंतीवर खिळ्याला अडकवला. तो काढून पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, तुसापासून दोन इंचांवर ठेवायला लावला. दोन्हीकडच्या आकड्यांत त्या रात्री दहा अंशांहून जास्त फरक होता.

दुसरा निर्णय: ऊब वेगळी, उजेड वेगळा

बाजारात तारेचे 100 वॅटचे दोनच बल्ब मिळाले, तेही एका जुन्या दुकानदाराने माळ्यावरून काढून दिले. दोनशे वॅटची तूट होतीच, आणि घरची लाइनही रात्री अर्धा-पाऊण तास जाते असं ताई म्हणाल्या. दिरांनी इन्व्हर्टर सुचवला. घरात 150 अँपियर-तासांची बॅटरी होती. कागदावर तिच्यात 1.8 युनिट वीज मावते, हातात त्याहून बरीच कमी येते. चारशे वॅटची ऊब तिच्यावर टाकली तर तीनेक तासांत बॅटरी झोपणार, आणि पहाटे पुन्हा तोच प्रसंग.

घरात आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता, आणि ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षकाड्यांचा ढीग मागच्या दारी पडलेला. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात 15 लिटर पाणी मावतं. ते 80 अंशांवरून 40 वर उतरताना सुमारे 0.7 युनिट ऊब सोडतं, म्हणजे 100 वॅटचा बल्ब सात तास जळल्याइतकी. डब्याला झाकण घट्ट, वर दुहेरी गोणपाट, आणि डबा छताखाली मधोमध. असे तीन डबे संध्याकाळी सातला आणि पुन्हा पहाटे तीनला भरायचे. वीज असो वा नसो. पाणी सांडलं तर तूस ओलं होऊन सगळंच मुसळ केरात, म्हणून डबे खोलीबाहेर भरून, कोरडे पुसून आत.

उजेडाचं काम मग अगदी सोपं झालं. इन्व्हर्टरवर 9 वॅटचा एकच एलईडी. त्याने खाद्य-पाणी दिसतं, वीज गेली तरी अंधार होत नाही, पिल्लं घाबरून एकमेकांवर चढत नाहीत, आणि बॅटरी रात्रभर पुरते. ज्या सात बल्बांनी घात केला होता त्यांतलाच एक इथे कामाला आला, याचं दिरांना जरा बरं वाटलं.

वायरिंगवर अर्धा तास गेला, तो जावाच लागतो. प्लॅस्टिकचे होल्डर तारेच्या बल्बच्या धगीने वितळतात, बल्ब वायरवर लोंबकळत असला तर निसटतो, आणि खाली सुकं तूस असतं. चिनी मातीचे होल्डर, बल्ब साखळीने वरच्या आडव्या बांबूला बांधलेला, तुसापासून दीड फूट उंच.

तिसरा चहा होईपर्यंत पिल्लं आत आली होती. पहिला अर्धा तास सगळी डब्यांना चिकटून. मग एकेक करून बाहेर निघून खाद्याकडे. ताईंनी रात्री दहाला फोन केला: "थैल्या भरल्यात." पिल्लाच्या गळ्याखालची थैली बोटाने चाचपायला त्यांना दुपारी दाखवलं होतं. एका दिवसात जवळजवळ सगळ्यांची भरलेली हवी.

प्रतिजैविक दिलं नाही. बलकाची पिशवी न जिरलेल्या पिल्लांत नंतर जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून लक्षणं दिसली तर सुरू करू असं ठरलं आणि वेळ आली नाही. सातव्या दिवसाची राणीखेतची लासोटा लस मात्र तीन दिवस पुढे ढकलली. यावर मतभेद होऊ शकतात. आजूबाजूला साथ असती तर मी ढकलली नसती.

झरोका

आठवड्याने खोलीत पाऊल टाकलं आणि डोळे चुरचुरले. खिडकीच्या काचेवर आतून पाण्याचे ओघळ, तूस वरून ओलसर, पायाखाली पापुद्रे. थंडीच्या धसक्याने घरच्यांनी झरोक्यात बारदान कोंबलं होतं, दाराच्या फटीत चिंध्या. घरातल्यांना वास येत नव्हता, कारण ते दिवसातून दहा वेळा आत येत-जात होते आणि नाक सरावलं होतं.

ताईंना मी चिक गार्डपाशी उकिडवं बसायला सांगितलं, तोंड पिल्लाच्या उंचीला नेऊन. मिनिटभरात त्या खोकत उठल्या. अमोनिया नाकाला जाणवतो तो साधारण 20 ते 25 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत एवढे भाग), आणि तिथूनच पिल्लाच्या श्वासनलिकेचं नुकसान सुरू होतं. ओल्या तुसात कॉक्सीचे जंतू पिकतात, बुरशी धरली तर फुप्फुसं जातात. थंडीत दिसणाऱ्या 'सर्दी'च्या कितीतरी केसेस मुळात कोंडलेल्या हवेच्या असतात, असं माझं मत होत चाललं आहे.

वरचा झरोका पूर्ण उघडला, खालच्या फटी तशाच बंद ठेवल्या. पिल्लाच्या उंचीला वारा नको आणि डोक्यावर वाट मोकळी हवी. खोलीचं तापमान दोनेक अंशांनी उतरलं, छताखालचं जवळपास तेवढंच राहिलं. ओलं तूस काढून सुकं पसरलं, पाण्याची भांडी विटेवर चढवली. दोन दिवसांत काच कोरडी.

तिसरा निर्णय: किती तास उजेड

दुसऱ्या आठवड्यात दिरांनी तो एलईडी काढून मोठा बल्ब लावला, चोवीस तास. त्यांनी वाचलं होतं की लेयर, म्हणजे अंड्यांच्या कोंबडीला 16 तास उजेड लागतो. पिल्लांना जास्त दिला तर जास्त खातील, लवकर वाढतील आणि पुलेट (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या) लवकर अंड्यावर येतील. आठवड्याच्या आत चार-पाच पिल्लांच्या शेपटीकडची पिसं उपटलेली, एकाची त्वचा फाटून रक्त आलेलं. एकदा रक्त दिसलं की बाकीची तिथेच टोचत राहतात.

दिरांचं वाचन चुकीचं नव्हतं, वयाची गल्लत होती. पहिले दोन-तीन दिवस 23 तास उजेड चालतो, पिल्लाला खाद्य-पाण्याची जागा कळावी म्हणून. एक तास अंधार मुद्दाम, अंधाराची ओळख असावी म्हणून. त्यानंतर उजेड कमी करत न्यायचा. 14 ते 16 तास हा अंडी देणाऱ्या कोंबडीचा आकडा आहे. वाढत्या वयात दिवस लांबवला तर अंग भरण्याआधी अंडाशय जागा होतो, अंडी बारीक येतात आणि अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. कोंबडे तर जत्रेला विकायचे होते, त्यांना त्या उजेडाचा उपयोगच नव्हता.

मग रात्रीचा उजेड टप्प्याटप्प्याने कमी केला. अडचण अशी की तारेचा बल्ब ऊब देताना उजेडही देतो. त्यासाठी उजेड न देणारे सिरॅमिकचे हीटर मागवले, 150 वॅटचे दोन, आणि डबे चालूच. तिसऱ्या आठवड्यापासून रात्री खोलीत अंधार आणि छताखाली ऊब. टोचणं थांबलं. जखमी पिल्लं वेगळी काढली, त्यातलं एक गेलं.

याच बोलण्यातून परसातल्या गावठी कोंबड्यांचा विषय निघाला. थंडीत त्यांनी अंडी जवळजवळ बंद केली होती. ताई म्हणाल्या, त्यांनाही याच खोलीत एका कोपऱ्यात ठेवलं तर? मोठ्या कोंबडीच्या अंगावर जे जंतू असतात ते पिल्लांना झेपत नाहीत, म्हणून ते नाही केलं. त्यांच्या खुराड्यात टायमरवर 5 वॅटचा बल्ब पहाटे साडेचारला लागेल असं केलं. निफाडला डिसेंबरात दिवस अकरा तासांचा. पहाटेचे अडीच तास मिळवले की साडेतेरा. उजेड पहाटे वाढवावा, संध्याकाळी नको. संध्याकाळी दिवा फटकन विझला तर कोंबड्या दांडीवर चढलेल्या नसतात आणि जमिनीवरच अडकतात. अंडी जानेवारीअखेर वाढली. दिव्यामुळे किती आणि मोठ्या होत गेलेल्या दिवसामुळे किती, हे सांगता येणार नाही.

पुन्हा चाळीत

पाचव्या आठवड्यात पिल्लामागे चौरस फूटभर जागा लागते, खोली अपुरी पडू लागली. फेब्रुवारीत निफाडला दुपारी 30 अंश आणि पहाटे 10 असा खेळ चालतो. अंगावर पिसं पूर्ण आलेली असली की पिल्लू हे सोसतं, पण सवय करावी लागते. आठवडाभर दिवसा चाळीत, रात्री खोलीत.

चाळीत या वेळी बदल केले. पट्ट्यांवरची जागा सोडून पाख्याखालची जमीन घेतली, चुना मारून, वर चार इंच तूस. पडदे गोणपाटाचे, खालून बांधलेले आणि वरून उघडणारे. सासूबाई सकाळी ऊन आलं की पडदा खाली ओढायच्या, दिवेलागणीला वर. हे काम नेमून दिलं नव्हतं, त्यांनी आपणहून घेतलं आणि एकदाही चुकवलं नाही. शेडमध्ये पडदे कुणी, कधी हलवायचे हे ठरलेलं नसलं तर उत्तम पडदाही कुचकामी असतो.

निष्पत्ती

पहिल्या तडाख्यात तीसेक, पुढच्या चार दिवसांत गारठ्याने खचलेली नऊ-दहा, आणि नंतर जत्रेपर्यंत पाच-सहा. एप्रिलमध्ये दीडशेच्या वर पक्षी उभे होते. वाढ एकसारखी नव्हती. पहिल्या आठवड्यात मागे पडलेली शेवटपर्यंत लहान राहिली आणि ती कमी भावाने गेली. कर्जाचा हप्ता निघाला, हातात फार उरलं नाही. पुलेट ठेवून घेतल्या.

मार्चच्या सुरुवातीला कॉक्सी आली, रक्ताळ विष्ठा पहिल्याच सकाळी दिसली आणि अँप्रोलियम या औषधाने आटोक्यात आली. ती चाळीतल्या जमिनीमुळे की खोलीतल्या त्या ओल्या आठवड्याचं देणं, हे ठरवता आलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पिल्लं येण्याआधी एक रात्र रंगीत तालीम. ब्रूडर लावायचा, पहाटे चारला मुद्दाम वीज बंद करायची आणि सातपर्यंत पारा कुठे उतरतो ते पाहायचं. या एका रात्रीत बल्ब, वारा आणि विजेची पाळी तिन्ही गोष्टी उघड झाल्या असत्या, एकही पिल्लू न दगावता. तूस आणि जमीनही त्यामुळे आधीच तापते. पिल्लं गार तुसावर सोडणं ही या भागात सर्रास दिसणारी चूक आहे.

खोलीचा निर्णय योग्य होता, पण तो आम्ही चार तासांच्या घाईत घेतला म्हणून झरोक्याचा विचार राहिला. हवा जाण्याची वाट आधी ठरवून मग ऊब मोजायला हवी होती.

एकदम 200 पिल्लांचा हट्टही तपासण्याजोगा. पुरवठादार पेटीच्या हिशेबाने देतो, आणि थोडी घेतली तर वाहतूक परवडत नाही, हे मान्य. पण चार आठवडे वाढवलेली पिल्लं मदर युनिटकडून, म्हणजे पिल्लं वाढवून विकणाऱ्यांकडून मिळतात. जानेवारीच्या मध्याला 28 दिवसांचं पिल्लू घेतलं की ते जत्रेला त्याच वयाचं होतं, आणि निफाडची सगळ्यात वाईट थंडी दुसऱ्याच्या गॅस ब्रूडरखाली निघते. भाव अर्थातच जास्त. दिरांच्या मते तो फरक नफा खाऊन टाकतो. मेलेली चाळीस पिल्लं, वीज, हीटर आणि पहाटे तीनला उठणाऱ्या बाईची झोप धरून मी हिशेब मांडून दाखवला. झोपेचा आकडा त्यांनी वहीत धरायला नकार दिला. ताईंनी तो धरला. पुढच्या हंगामासाठी त्यांनी 28 दिवसांच्या शंभर पिल्लांची आगाऊ नोंदणी केली आहे, आणि दिरांनी स्वतःच्या हट्टापायी एक दिवसाच्या पन्नास पिल्लांची, त्याच खोलीत, त्याच डब्यांवर. डबे कोण भरणार, यावर मी निघालो तेव्हाही घरात बोलणं चालू होतं.